आधीची तीन उत्तरं

मार्च सुरू झाला की सोलापुरात घरं दोन तऱ्हेची होतात. परीक्षेचं मूल असलेली आणि नसलेली. पहिल्या तऱ्हेच्या घरात मोठ्यानं हसायची चोरी, पाहुणे दारातूनच परत, आणि आमटीत तिखट कमी, कारण ऐन पेपराला पोराचं पोट बिघडायला नको. माझं घर दुसऱ्या तऱ्हेचं. एकटी राहते, निवृत्त आहे, कुणाचा पेपर नाही. तरी या महिन्यात पहाटे पाचला छातीत धडधडतच जाग येते. उठून बसल्यावर आठवतं, अगं बाई, तू कधीच पास झालीस.

वरच्या मजल्यावरची भाडेकरूंची मुलगी दहावीला आहे. साडेपाचपासून गच्चीवर येरझाऱ्या घालत घोकत असते. "काळ्या मृदेत ओलावा टिकून राहतो, कारण..." आणि कारणापाशी अडते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी खाली पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेली असते. तीस वर्षं मोहोळच्या शाळेत भूगोल शिकवलाय, ते कारण मला झोपेतही सांगता येईल. सांगत मात्र नाही. तिथं थोडं अडू दे तिला, असं वाटतं. ही सवय मला मणियार सरांनी लावली, आणि ती लागताना त्यांची नोकरी जायची पाळी मी आणली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. ज्वारी बरी आली होती, शुक्रवार पेठेतल्या आमच्या भुसार दुकानात पोत्यांच्या थप्प्या पुन्हा आढ्याला लागल्या होत्या. उन्हं फेब्रुवारीतच तापायला लागलेली. कडब्याच्या गाड्या पेठेतून गेल्या की रस्त्यावर वाळक्या पानांचा सडा पडायचा आणि दुपारच्या वाऱ्यानं तो आमच्या उंबऱ्यापर्यंत यायचा. आम्ही अकरावीला होतो, म्हणजे जुन्या मॅट्रिकला. मी वर्गाची मॉनिटर. आवाज मोठा, स्वभाव तिखट, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल तिळमात्र शंका नाही.

मणियार सर आमचे भूगोलाचे. बांगड्यांचा पिढीजात धंदा असलेल्या घरातला हा माणूस विशीत मुंबईला पळाला आणि बोटीवर कारकून झाला. एडन, मोंबासा, झांझिबार. पुढे शिकून मास्तर झाले आणि इथिओपियातल्या डोंगरावरच्या एका शाळेत कितीतरी वर्षं होते. म्हातारी आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आले, आणि आमच्या शाळेत हंगामी शिक्षक म्हणून लागले. उंच, सडसडीत, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चालताना पाय थोडे फाकवून टाकायचे. बोटीची सवय आहे म्हणायचे.

इतकं फिरलेला माणूस, आम्हाला वाटलं आता गोष्टींची चंगळ. तर सर गोष्टी सांगायचेच नाहीत. प्रश्न टाकायचे. "मी जिथं शिकवत होतो, तिथं सूर्य उगवला की घड्याळ सुरू होतंय. आपले सात वाजले की त्यांचा एक. ती माणसं चूक का आपण?" आम्ही अर्थात म्हणालो, ती. "हौ? मग आठवडाभर त्यांच्या घड्याळानं चालून बघा, आणि चूक कुठं सापडते ते सांगा." झालं. अख्खा वर्ग आठवडाभर इथिओपियात. मी घरी अव्वाला, म्हणजे आईला, सांगून गेले, बाराला येते. आले संध्याकाळी सहाला. अव्वानं लाटणं हातात घेऊनच दार उघडलं. त्यांचे बारा म्हणजे आपले सहा, हे तिला समजावता समजावता मला पहिल्यांदा कळलं की घड्याळ कुणीतरी ठरवलेलं असतं. त्या रात्री जेवणात मला भाकरीबरोबर बोलणीही भरपूर मिळाली.

शनिवारी अर्धी शाळा. शेवटचा तास सरांचा. त्या तासाला पुस्तक दप्तरातच ठेवायचं. सर एखादी वस्तू टेबलावर ठेवायचे किंवा साधा प्रश्न विचारायचे, आणि नियम एकच. "पहिलं उत्तर शेजाऱ्याचं असतंय. दुसरं पुस्तकाचं. तिसरं भीतीचं, चुकू नये म्हणून दिलेलं. ती तीन मला नक्कोत. चौथं आणा, ते तुमचं."

एकदा रिकामं पोतं ठेवलं. याचं काय काय करता येईल? बसायला, पाय पुसायला, पावसात डोक्यावर घ्यायला. ही तीन बाद. आता चौथं? मी तर पोत्यांच्या दुकानात वाढलेली, मला काही सुचेना. सर म्हणाले, "घरात हजार पोती आणि डोक्यात एक बी न्हाई?" सगळे हसले, मी लाल. मागच्या बाकावरून अंबादास उठला. विणकरांच्या वस्तीतला, घरी तेलुगू बोलणारा, वर्गात तोंड न उघडणारा. म्हणाला, "सर, त्यात अंधार भरून ठेवता येतंय. दुपारी झोपताना डोक्यावर घ्यायला." सर टेबलाला वळसा घालून गेले आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला, मोठ्या माणसाशी करतात तसा. अंबादास त्या दिवसापासून बोलायला लागला तो लागलाच.

या सगळ्याचं मला इतकं वेड लागलं की फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा आली तेव्हा मीच घोटाळा केला. भूगोलाच्या पेपरच्या आदल्या दिवशी, सर वर्गात नसताना, फळ्यापुढे उभी राहिले आणि हुकूम सोडला. "उद्या कुणी पुस्तकातली तीन उत्तरं लिहायची नाहीत. सरांना चालत नाही. थेट चौथं लिहायचं." कुणी विचारलं, "पण परीक्षेत पण?" मी म्हणाले, "मग शनिवार कशासाठी होते?" माझ्या आवाजापुढे कुणाचं काय चालणार.

पेपरात प्रश्न आला, सोलापुरात कापडधंदा का वाढला, कारणे द्या. पुस्तकात कारणं होती. आसपास पिकणारा कापूस, रेल्वे, मिळणारे कामगार. एकानंही ती लिहिली नाहीत. मी लिहिलं, इथं पाऊस कमी, शेत वर्षातले आठ महिने झोपलेलं, मग रिकाम्या हातांनी करायचं काय? अंबादासनं लिहिलं, माझ्या पणजोबांच्या गावची विहीर आटली, ते माग मोडून त्याची लाकडं डोक्यावर घेऊन चालत आले, आणि पाय दुखले तिथं थांबले. एका बहाद्दरानं लिहिलं, सोलापुरात दुसरं करण्यासारखं काही नाही म्हणून. पूर्वपरीक्षेचे पेपर तेव्हा अदलाबदलीनं दुसऱ्या शाळेचे शिक्षक तपासायचे. त्या बिचाऱ्या माणसानं आमचे गठ्ठे लाल शाईनं रंगवून परत पाठवले. जिथं तिथं एकच शेरा, विषयांतर. निम्म्याहून जास्त वर्ग भूगोलात नापास.

आमचे अप्पा शाळेच्या कमिटीवर होते. पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि मणियार सरांवर पहिल्यापासून राग. "देशोदेशी फिरलेला माणूस. स्वतःचं बूड कुटं टेकलं न्हाई, पोरांची डोकी फिरवतोय." त्या संध्याकाळी कमिटीतून आले ते चपला न काढताच ओसरीवर उभे राहिले. म्हणाले, "ठरलं. मार्चच्या परीक्षेला वर्ग भूगोलात पडला, तर जूनपासनं तुझा मास्तर शाळेत न्हाई."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "अप्पा, चूक सरांची न्हाई. मीच सगळ्यांना सांगितलं तसं लिवायला."

अप्पा माझ्याकडे वळले. "मास्तरची चूक आपल्या अंगावर घ्यायची, हे बी त्यानंच शिकवलं काय?"

खरं बोलून एखाद्याचं वाटोळं करता येतं, हे मला तेव्हा समजलं. रडले मी, चांगली हमसून रडले, कोठीत पोत्यांच्या मागे बसून. अव्वा येऊन कानडीत "साकु, साकु" म्हणत पाठीवरून हात फिरवून गेली. पुरे म्हणाली म्हणून रडणं थांबत नाही. थांबलं ते रागानं. माझ्यामुळे हा माणूस जाणार असेल तर मी त्याला जाऊ देणार नाही, इतका साधा आणि हट्टी विचार होता तो.

दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना गाठून सगळं सांगितलं. ते चिडतील या तयारीनंच गेले होते. सर खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "महानंदा, तुझी चूक छोटी हाय. मोठी माझी. चौथ्याच्या घरी जायचा रस्ता पहिल्या तिघांच्या दारावरनं जातो, हे मी तुमाला सांगितलंच न्हाई. मला वाटलं, मुलांना ते ठाऊकच असंल." आणि लगेच विचारलं, "किती दिवस हायेत?"

"पाच आठवडे, सर."

"बास की मग."

त्यानंतरचे पाच आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे आणि, आता कबूल करायला हरकत नाही, सगळ्यात सुखाचे. शाळा सकाळी अकराची, पण आम्ही सहाला हजर. पेठेतल्या मुलींना उठवायचं काम माझं. मी गल्लीतून हाका मारत जायची, आणि कुणाची आई दारात येऊन "झोपू दे की गं तिला" म्हणाली तरी मी दारातच उभी राहायची. सकाळी व्हरांड्यातली फरशी गार असायची. नऊपर्यंत ती कोमट व्हायची, आणि आम्ही उन्हाबरोबर सरकत सरकत भिंतीला टेकायचो. खिशात शेंगदाणे, तोंडात नद्यांची नावं. तेव्हाच्या वहीला वेगळाच वास यायचा, शाई आणि घाम मिसळून. आजही कुठल्या दुकानात जाड कागदाची वही उघडली तर मी आधी नाक खुपसते आणि दुकानदार माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतो.

सरांना स्वतःला पुस्तक पाठ नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी माझ्या हातात पुस्तक दिलं, "धर. माझं पाठांतर घे." आफ्रिकेची बंदरं क्रमानं म्हणताना मोंबासापाशी अडखळले. आम्ही खो खो हसलो. सर पण हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे बाबांनो, त्या धक्क्यावर मी वर्षभर राहिलोय. खरं मोंबासा येतंय, पुस्तकातलं येईना." पण दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस आमच्या बरोबरीनं घोकत होता. अशा माणसापुढे कंटाळा आला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

तरी पाठांतर आमच्या घशाखाली उतरत नव्हतं. ती तीन उत्तरं म्हणजे उष्टी, असं वर्षभरात डोक्यात बसलेलं. मग एका रविवारी सर आम्हा सगळ्यांना अंबादासच्या घरी घेऊन गेले. एका खोलीचं घर, अर्धी खोली मागानं भरलेली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून अंबादासचे वडील बसलेले, भोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडलेलं. बाहेर ऊन रटरटत होतं आणि तिथं मातीचा ओला गारवा. सरांनी विचारलं, "मामा, खड्ड्यात का बसता?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, "सुकं पडलं की धागा तुटतंय सर. खाली वल राहतंय. आमच्या आज्याचं बी असंच होतं."

बाहेर आल्यावर लिंबाच्या सावलीत सर म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय, कापडधंद्याला दमट हवा लागते. सोलापुरात ती न्हाई. मग कुणीतरी, कधीतरी, सगळे वर बसून विणत असताना एकट्यानं खड्डा खणून बघितला. लोक हसले असतील त्याला. ते त्याचं चौथं उत्तर. पटलं, सगळ्यांनी घेतलं, म्हणून आता ते सगळ्यांचं झालं. पुस्तकातलं एकेक वाक्य असं कुणाचं तरी हाय. पाठ करताना लाज कसली वाटून घेता?"

त्यानंतर आम्ही जे पाठ केलं ते अजून विसरलेलो नाही. रेल्वे हे कारण घोकताना मला रूळ टाकणारी माणसं दिसायची. कापूस म्हणताना, या काळ्या जमिनीत पहिल्यांदा सरकी टोकून वाट बघणारं कुणीतरी. माझ्या तीस वर्षांच्या मास्तरकीत मी मुलांना एवढंच शिकवलं, बाकीचं पुस्तकात होतंच. सर जग फिरून आले आणि मी सोलापूर ते मोहोळ एस.टी.नं जात येत राहिले, माझा सगळ्यात लांबचा प्रवास तो. कधी कधी खिडकीतून त्याच त्या बाभळी बघताना हसू यायचं की या दोन प्रवासांत मिळून एकच शिकवणं झालं.

पेपरच्या दिवशी वर्गात गरम झळा येत होत्या. कागदावर हाताचा घाम उमटू नये म्हणून मी मनगटाखाली रुमाल ठेवला होता. प्रश्न वेगळाच होता, डोंगराळ भागात वस्ती विरळ का असते. मी पुस्तकातली कारणं लिहिली, स्वच्छ अक्षरात, एकाखाली एक. वेळ उरला. आणि सरांच्या त्या डोंगरावरच्या शाळेची कधीतरी निसटून कळलेली एक गोष्ट आठवून, चौथं कारण डोक्यात लख्ख उभं राहिलं. इतकं छान होतं की हात शिवशिवायला लागला. पेन टेकवलंसुद्धा. मग तो लाल शाईतला शेरा आठवला, टोपण लावलं, पेन बाकावर ठेवलं आणि घंटा होईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. स्वतःला इतकं आवरून धरायची वेळ माझ्यावर पुढे क्वचितच आली.

बाहेर पायऱ्यांवर अंबादास उभा होता. "चौथं लिवलंस काय गं?"

"न्हाई. तू?"

"मी बी न्हाई. पण सुचलं होतं की."

"मला बी."

भर उन्हात उभं राहून आम्ही एकमेकांना आपापलं उत्तर सांगितलं. त्याचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. ते मी इथं सांगणार नाही, त्याचं ते आहे. आता तो मोठ्या मागावर भिंतीवर लावायची चित्रं विणतो, आणि लोक लांबून ती बघायला येतात.

सर त्यानंतरही बरीच वर्षं होते. ते गेले तेव्हा मी मोहोळला बोर्डाच्या परीक्षेवर होते, वर्गात उभी. शिपायानं चिठ्ठी आणून दिली. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता, मुलांना सोडून निघता येत नव्हतं. अडीच तास मी त्या बाकांमधून फिरत राहिले. गाडी मिळून सोलापूरला पोचेपर्यंत त्यांना नेऊन झालं होतं. सर असते तर म्हणाले असते, पेपर टाकून कशाला आलीस. हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरीही मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही याचं दुःख कमी होत नाही. मार्च आला की ते जास्तच होतं.

तर, त्या वर्षीचा आमचा निकाल जूनमध्ये लागला. भूगोलात सगळा वर्ग पास, एकसुद्धा मागं नाही. यादीपुढे आम्ही आरडाओरडा केला, मुलींनी फुगड्या घातल्या. पण मला घरी जायची घाई होती, कारण त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक होती आणि निकाल चांगला लागला म्हणजे अप्पा निवळतील, अशी माझी खात्री नव्हती.

ते उशिरा आले. टोपी खुंटीला लावली, पाय धुतले, पाटावर बसले. अव्वानं ताट वाढलं. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी. अप्पा भाकरी कुस्करत राहिले. अर्धी भाकरी संपल्यावर, ताटातून नजर न काढता म्हणाले, "ठेवलंय तुझ्या मास्तरला. कायम केलंय."

मी दाराची चौकट घट्ट धरली. म्हटलं, "अप्पा, तुमी...?"

"मी इरोधात बोललो," अप्पा म्हणाले. "सगळ्यात जास्त मीच बोललो. अजून बी मला तो माणूस पटत न्हाई. बाकीच्यांनी ऐकलं न्हाई माझं."

अव्वानं आमटी वाढायला पळी उचलली होती, ती तशीच धरून राहिली. अप्पांनी पाण्याचा घोट घेतला, मिशा पुसल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"उद्या सकाळी त्यांच्याकडं जा. पुढं काय शिकायचं, कुटल्या कॉलेजात जायचं, ते त्यांनाच इचार. मला त्यातलं कळत न्हाई."